डॉ. श्वाइत्झर यांनी वाचवलेला ऑर्गन

डॉ. आल्बर्ट श्वाइत्झर हे नाव घेतले की आपल्या शब्बाथशाळेतील मुलांनादेखील आफ्रिकेतील लांबारेने येथील दवाखाना आठवतो. पण तो दवाखाना काढण्यापूर्वी या मनुष्याने एका जुन्या रोग्याला मरणाच्या दारातून परत आणले होते. तो रोगी म्हणजे स्ट्रासबुर्ग शहरातील सेंट थॉमस मंदिराचा पाइप ऑर्गन.

हे मंदिर १५२४ साली प्रॉटेस्टंट मंडळीकडे आले. सुधारक मार्टिन बुत्सर पुढे तेथे पाळक होते. १७४१ साली योहान आन्द्रेआस झिल्बरमान या नामांकित कारागिराने तेथे ऑर्गन बांधला, आणि १७७८ मध्ये मोझार्टने तो वाजवला. आपल्या पेटीत हवेने धातूची पट्टी हलून स्वर निघतो. पाइप ऑर्गनमध्ये भात्याची हवा शेकडो लहानमोठ्या नळ्यांत शिरते आणि त्यांतील बहुतेक नळ्या बासरीसारख्या बोलतात. पायाने भाता हलवून ज्यांनी उपासनेत पेटी वाजवली आहे त्यांना ठाऊक आहे की हवा फार जोराने दिली म्हणजे स्वर मोठा होतो, गोड होतोच असे नाही. श्वाइत्झरांचा सारा वाद याच गोष्टीचा होता.

त्यांचा जन्म १४ जानेवारी १८७५ रोजी आल्सास प्रांतात झाला. वडील ग्युन्सबाख गावी पाळक होते. त्या गावात प्रॉटेस्टंट आणि रोमन कॅथलिक दोघेही एकाच मंदिरात आळीपाळीने उपासना करीत. ऑर्गनची ओढ आईकडून आलेली; तिचे वडीलही पाळक होते आणि ऑर्गनचे मोठे दर्दी. आल्बर्ट नऊ वर्षांचा असताना वादकाच्या जागी बसून उपासनेत वाजवू लागला. पुढे पॅरिसमध्ये विडोर यांच्यासारखे गुरू लाभले.

१८९६ साली श्टुटगार्टला एका नव्या ऑर्गनची वर्तमानपत्रांत फार वाखाणणी चालली होती म्हणून ते मुद्दाम ऐकायला गेले. बाखची रचना सुरू झाली. पण त्या गडगडाटात एक सुरावट दुसरीपासून वेगळी कळेना. कारखान्यात झटपट तयार झालेल्या या वाद्यांत जोर होता, स्पष्टता नव्हती. तरीही गावोगावच्या मंडळ्या जुने ऑर्गन मोडीत काढून नवे बसवीत होत्या आणि त्याचा अभिमान बाळगीत होत्या. वर्गणी गोळा झाली की नवे घ्यावेसे वाटते, हे आपल्यालाही परके नाही!

१९०३ ते १९०६ या काळात श्वाइत्झर सेंट थॉमसच्या शेजारच्या ईश्वरविद्या वसतिगृहाचे प्रमुख होते. झिल्बरमानचा ऑर्गनही काढून टाकण्याची पाळी आली तेव्हा ते आडवे पडले. हा त्यांनी वाचवलेला पहिला ऑर्गन, आणि काम सोपे गेले नाही. पुढे पाळक, बिशप, नगराध्यक्ष अशा अनेकांना त्यांनी शेकडो पत्रे लिहिली. नकाशे तपासण्यात रात्रीच्या रात्री घालवल्या. पुष्कळ ठिकाणी कोणी ऐकले नाही. मात्र जुने ते सारे सोने असा त्यांचा हट्ट नव्हता. याच मंदिरात १९०५ साली त्यांच्या आराखड्याप्रमाणे एक नवा लहान ऑर्गनही बसला. बाख २८ जुलै १७५० रोजी वारला. त्याच्या स्मरणार्थ १९०९ पासून दर २८ जुलैला तेथे ऑर्गनवादन करण्याचा प्रघात श्वाइत्झरांनीच पाडला.

हे चालू असतानाच, वयाच्या तिसाव्या वर्षी, त्यांनी वैद्यकीय शिक्षण घ्यायला आरंभ केला होता. १९१३ साली ते पत्नी हेलेन यांच्यासह लांबारेनेला गेले. वाद्य सुटणार याचे दुःख होतेच. पण पॅरिसच्या बाख मंडळाने पायपट्ट्या असलेला एक पियानो दमट हवेत टिकेल असा बनवून त्यांना दिला. महायुद्धात ते जर्मन प्रजाजन म्हणून १९१७ मध्ये फ्रान्समधील छावणीत कैदेत पडले. तेथे मेजाला पट्ट्या आणि जमिनीला पायपट्ट्या समजून ते सराव करीत. सुटले तेव्हा प्रकृती ढासळलेली आणि डोक्यावर दवाखान्याचे कर्ज होते. १९२० मध्ये आर्चबिशप झ्योडरब्लोम यांनी स्वीडनला बोलावले, आणि व्याख्याने देऊन व ऑर्गन वाजवून त्यांनी त्यातले पुष्कळसे फेडले. १९२४ साली ते लांबारेनेला परतले. ४ सप्टेंबर १९६५ रोजी तेथेच त्यांचा अंत झाला.

स्ट्रासबुर्गच्या ऑर्गनची १९७९ साली आल्फ्रेड केर्न यांनी पुन्हा दुरुस्ती केली आणि तो शक्य तितका झिल्बरमानच्या मूळ रूपात आणला. तो अजून उपासनेत वाजतो.