संत बहिणाबाई : वेदनेतून स्फुरलेली वाणी

सिहोऱ्यासारख्या दूरच्या गावी एकादशीस अभंग म्हणताना संत बहिणाबाईंचे स्मरण आम्हांस हटकून होते. इ. स. १६२८ मध्ये वेरूळजवळील देवगाव येथे त्या जन्मल्या. बालवयातच शिऊरच्या गंगाधर पाठक या तीस वर्षांच्या बिजवराशी त्यांचा विवाह झाला. पुढे कुटुंबास गाव सोडावे लागले. फिरत फिरत सारे कोल्हापुरास आले. तेथे जयरामस्वामींच्या कीर्तनाचा त्यांना ध्यास लागला. ते न साहून पतीने त्यांना बांधून निर्दयपणे मारले. लाडके वासरूही गेले. त्या ग्लानीतच स्वप्नात तुकोबांचे दर्शन घडले आणि अभंगवाणी स्फुरली.

आजारपणानंतर पतीचे मन पालटले. उभयता देहूस गेली. तेथे मंबाजीने छळले, तरी वाणी थांबली नाही. बहिणाबाईंनी आपले जीवन अभंगांतच सांगून ठेवले. त्यात पतीचा मार झाकला नाही आणि सूडही धरला नाही. सांगता सांगता त्या सावरल्या, असे आम्हांस वाटते. इ. स. १७०० मध्ये शिऊर येथे त्यांनी देह ठेवला.

परमुलखात आमच्या लेकीसुनांनी दुःख मनात कोंडू नये. ते शब्दांत मांडावे आणि घरच्यांनी ते ऐकावे, एवढीच आमची विनंती.