वसईचा दुभाषा : संत गोन्सालो गार्सिया

वसई : गासच्या चर्चला त्यांचं नाव, वसईतल्या कॉलेजला त्यांचं नाव. तालुक्यात गोन्सालो गार्सिया हे नाव सगळ्यांच्या तोंडी आहे. पण हा माणूस जपानला गेला कशाला आणि तिथे क्रुसावर चढला कसा, ही हकीकत मात्र कमीच सांगितली जाते.

जन्म वसईतला, साल १५५६ च्या आसपास. वसई पोर्तुगीजांकडे येऊन तेव्हा वीसेक वर्षं झाली होती. बाप पोर्तुगीज, आई इथली, आपल्या कोकणपट्टीतली. ही आईची बाजू ध्यानात ठेवायला हवी, कारण पुढे तीच आडवी आली असावी.

शिक्षण येशूसंघाच्या पाद्र्यांकडे झालं. पंधरा-सोळा वर्षांचा असताना, १५७२ मध्ये, त्यांच्याबरोबरच तो जहाजाने जपानला गेला. पोरगा हुशार. जपानी बोली त्याने अशी उचलली की तिथल्या लोकांत मिसळून गेला. सात-आठ वर्षं पाद्र्यांच्या हाताखाली धर्मशिक्षणाचं काम केलं. संघात कायमचं घ्यावं ही त्याची इच्छा होती. घेतलं नाही. इथल्या रक्ताच्या मुलांना संघात घ्यायला त्या काळी वरिष्ठांची नाखुशी असे. काम चालतं, भाषा चालते, पण माणूस आपल्यात नको! हा प्रकार आपल्याकडे काही नवा नाही.

गोन्सालो तिथून निघाला आणि व्यापारात पडला. धंदा चांगला चालला, पैसाही आला. पण मन रमलं नाही. व्यापारानिमित्त फिलिपिन्समधल्या मनिलाला गेला, तिथे फ्रान्सिस्कन संन्याशांशी ओळख झाली आणि धंदा सोडून तो त्यांच्यात सामील झाला. पाद्री म्हणून नाही, साधा ब्रदर म्हणून.

तेव्हा जपानची सत्ता हिदेयोशीच्या हातात होती. १५८७ मध्येच त्याने परदेशी पाद्र्यांना देश सोडायचा हुकूम काढला होता, पण अंमल ढिला होता. १५९३ मध्ये मनिलाच्या स्पॅनिश गव्हर्नरने त्याच्याकडे वकील म्हणून पेद्रो बाप्तिस्ता यांना पाठवलं. दुभाषा पाहिजे होता, मग गोन्सालोशिवाय कोण? दोन्हीकडचं बोलणं त्याच्याच तोंडून जायचं. शब्द इकडचा तिकडे झाला असता तर सगळ्यांच्याच मानेवर आलं असतं. बोलणी निभावली, राहायची परवानगी मिळाली. क्योतोमध्ये या मंडळींनी चर्च बांधलं आणि कुष्ठरोग्यांसाठी दवाखाना उघडला.

घात झाला तो एका जहाजामुळे. ऑक्टोबर १५९६ मध्ये सान फेलिपे नावाचं मालाने भरलेलं स्पॅनिश गलबत वादळात सापडून जपानच्या किनाऱ्याला लागलं. माल जप्त झाला. पाद्री पुढे येतात आणि मागून फौज येते, असं काहीतरी जहाजावरचा एक जण बोलून गेला म्हणतात. तो खरंच बोलला की नाही यावर अजून वाद आहे. हिदेयोशीने मात्र धरपकडीचा हुकूम सोडला.

जानेवारी १५९७ मध्ये क्योतोत कैद्यांच्या डाव्या कानाचा तुकडा कापला, गाडीवरून धिंड काढली आणि भर थंडीत त्यांना नागासाकीकडे चालवत नेलं. चोवीस जण निघाले होते, वाटेत आणखी दोघांची भर पडली. सहा फ्रान्सिस्कन, बाकी जवळपास सगळे जपानी. सर्वांत लहान पोर बारा वर्षांचं.

५ फेब्रुवारी १५९७ ला निशिझाका टेकडीवर सव्वीस क्रूस तयार होते. तिथली पद्धत खिळे ठोकायची नव्हती. माणसाला दोर आणि लोखंडी कड्यांनी बांधायचं आणि दोन्ही बाजूंनी भाले खुपसायचे. क्रुसाकडे पहिला गेला तो गोन्सालो, अशी परंपरा आहे. वय चाळीसच्या घरात.

१६२७ मध्ये त्यांना धन्यवादित आणि ८ जून १८६२ ला संत घोषित केलं गेलं. भारतात जन्मलेले ते पहिले संत. मधल्या काळात, १७३९ मध्ये, चिमाजी अप्पांनी वसई जिंकली होती. किल्ल्यातल्या चर्चच्या आता नुसत्या भिंती उरल्यात.

सणाच्या तारखेचा थोडा घोळ होतो. मरण ५ तारखेचं, पण त्या दिवशी संत अगाथाचा सण असल्याने चर्चच्या पंचांगात या सव्वीस जणांचा सण ६ फेब्रुवारीला येतो. नागासाकीच्या त्या टेकडीवर १९६२ मध्ये सव्वीस ब्राँझच्या मूर्ती ओळीने बसवल्या. त्यातली एक वसईकराची आहे.