सायबेरियाच्या पक्ष्याला दख्खनचं नाव देणारा कर्नल
हिवाळ्यात नवी मुंबईच्या खाडीकाठी शेपटी हलवत पळणारा पांढरा धोबी पाहिलाय? त्याच्या एका उपजातीचं शास्त्रीय नाव ‘मोटासिला अल्बा डुखुनेन्सिस’. ‘अल्बा’ म्हणजे पांढरा, ‘डुखुनेन्सिस’ म्हणजे दख्खनचा.

हे नाव दिलं ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतले अधिकारी विल्यम हेन्री साइक्स (१७९०–१८७२) यांनी. १८२४ मध्ये मुंबई सरकारने त्यांना दख्खनची आकडेवारी गोळा करायला नेमलं. हे काम करता करता ते पक्षीही नोंदवत गेले. १८२९ मध्ये पदच रद्द झालं, तरी त्यांनी काम पूर्ण केलं. १८३२ मध्ये त्यांची दख्खनच्या पक्ष्यांची यादी लंडनमध्ये छापून आली. त्यात एका सातभाईला गव्हर्नर माल्कमचं नाव मिळालं, धोब्याला मुलखाचं.

गंमत म्हणजे हा धोबी घरटं बांधतो सायबेरियाकडे. इथे तो फक्त हिवाळ्यापुरता पाहुणा. नावाने मात्र आजही दख्खनचाच!