नापास झालेला वाचक : हरिभाऊ आपटे

परीक्षा तोंडावर आल्या की मिस्सानंतर चर्चच्या आवारात पालकांची एक तक्रार हमखास कानावर येते. मुलगा अभ्यासाचे पुस्तक उघडून बसतो आणि आत गोष्टीचे पुस्तक दडवलेले असते. हल्ली बहुतेकांच्या बाबतीत ते मोबाईल असते, हा भाग वेगळा. पण आपल्या कामठीत कादंबऱ्यांत बुडून जाणारी मुले अजूनही आहेत, आणि त्यांच्या हातून त्या काढूनही घेतल्या जातात. आम्हीही आमच्या घरी हे केले आहे. म्हणून आज अशाच एका मुलाची हकिकत सांगावीशी वाटते. हा मुलगा पुढे पदवीच्या परीक्षेत खरोखरच नापास झाला.

हरि नारायण आपटे यांचा जन्म ८ मार्च १८६४ रोजी खानदेशातील पारोळे येथे झाला. लहानपणीच आई गेली. चुलत्यांच्या मोठ्या एकत्र कुटुंबात, आधी मुंबईला व पुढे पुण्याला, ते वाढले. पुण्यात न्यू इंग्लिश स्कूलमध्ये त्यांना चिपळूणकर, टिळक, आगरकर असे गुरू लाभले. चिपळूणकर १८८२ साली वारले, तेव्हा या विद्यार्थ्याने त्यांच्यावर शोककाव्य लिहिले. आगरकरांनी शेक्सपियरच्या ‘हॅम्लेट’चे मराठी रूपांतर केले, तर त्यावर त्याने लांबलचक टीकालेख लिहिला. आपल्याच गुरूच्या पुस्तकावर! अभ्यासाच्या वेळी हा मुलगा काय वाचत असेल याची कल्पना यावरून येते.

कॉलेजात गणित आडवे आले. डेक्कन कॉलेज झाले, फर्ग्युसन झाले, पदवी मात्र मिळाली नाही. त्या काळात पदवी म्हणजे सरकारी नोकरी आणि समाजात मान. सुशिक्षित घरातल्या मुलाने ती गमावणे ही साधी गोष्ट नव्हती. पण इंग्रजी आणि संस्कृत वाचन सुरूच राहिले. स्कॉट, डिकन्स, थॅकरे ही मंडळी त्यांच्या रोजच्या सोबतीची झाली.

सुरुवात त्यांनी उसनवारीने केली, हे मोकळेपणाने सांगायला हवे. १८८५ साली ‘मधली स्थिति’ ही त्यांची पहिली कादंबरी ‘पुणे वैभव’मध्ये येऊ लागली. तिला आधार होता रेनल्ड्झ या इंग्रज लेखकाच्या कादंबरीचा. हा रेनल्ड्झ म्हणजे काही थोर साहित्यिक नव्हे. भानगडी आणि रहस्ये रंगवणारा, पण त्या काळी हिंदुस्थानात घरोघरी वाचला जाणारा. हरिभाऊंनी त्याची चौकट घेतली आणि आत पुण्याची माणसे बसवली. ‘म्हैसूरचा वाघ’ही त्यांनी मेडोज टेलर यांच्या टिपू सुलतानावरील कादंबरीवरून लिहिली. आधी दुसऱ्याच्या नकाशावर घर बांधायचे, मग स्वतःच्या, असा हा क्रम दिसतो.

हरिभाऊंच्या आधी मराठीत ‘मुक्तामाला’, ‘मंजुघोषा’ अशा अद्भुत कथा लोकप्रिय होत्या. राजकन्या, संकटे, शेवटी सुटका. हरिभाऊंनी मात्र परक्या कादंबऱ्यांतून एक वेगळीच गोष्ट उचलली : साध्या घरातल्या साध्या माणसाचे मन हासुद्धा कादंबरीचा विषय होऊ शकतो. डिकन्सने डेव्हिड कॉपरफील्ड या पोरक्या मुलाला स्वतःची कथा स्वतः सांगायला लावली होती. ‘पण लक्षात कोण घेतो!’मध्ये यमू नावाची बालविधवा आपली कथा स्वतः सांगते. माहेर, सासर, नवऱ्याचा मृत्यू, जबरदस्तीने झालेले केशवपन, सारे तिच्याच शब्दांत. सांगण्याची रीत बाहेरून आली असेल, पण यमूचा आवाज हरिभाऊंनी एकत्र कुटुंबाच्या माजघरातून ऐकला होता.

इथे आपल्या वाचकांसाठी एक गोष्ट नमूद करतो. मराठीतील पहिली मानली जाणारी कादंबरी, ‘यमुनापर्यटन’, १८५७ साली ख्रिस्ती लेखक बाबा पदमनजी यांनी लिहिली. तिचाही विषय विधवांचे दुःख हाच होता. पदमनजींची यमुना आणि हरिभाऊंची यमू यांच्यात तेहेतीस वर्षांचे अंतर आहे. दुःखात फारसा फरक पडलेला नव्हता.

१८९० साली हरिभाऊंनी ‘करमणूक’ हे साप्ताहिक काढले आणि १९१७ पर्यंत चालवले. यमूची कथा त्यातच क्रमशः आली. सत्तावीस वर्षे दर आठवड्याला मजकूर द्यायचा म्हणजे विहिरीतून रोज पाणी उपसण्यासारखेच. आत झरा नसेल तर तळ दिसायला किती वेळ लागणार? हरिभाऊंचा झरा वाचनाचा होता. मोलियरच्या फ्रेंच प्रहसनांवरून त्यांनी मराठी प्रहसने रचली, व्हिक्टर ह्यूगोचे नाटक मराठीत आणले. संस्कृतातील ‘मुद्राराक्षस’ ज्या चाणक्याभोवती फिरते तोच त्यांच्या ‘चंद्रगुप्त’ कादंबरीत भेटतो. शिवकाळावरील ‘उषःकाल’मध्ये भुयारे, वेषांतरे, उत्कंठा ताणून धरणे ही स्कॉटच्या वळणाची सामग्री भरपूर आहे. आम्हाला ती थोडी जास्तच वाटते. तरी एकदा हातात घेतलेले पुस्तक खाली ठेववत नाही, हेही खरे.

या धबडग्याची किंमतही होती. आनंदाश्रम संस्थेचा कारभार, नगरपालिकेचे काम, साप्ताहिक, यांत ‘गणपतराव’, ‘कर्मयोग’ अशा कादंबऱ्या अपुऱ्याच राहिल्या.

१९१२ साली आपल्या विदर्भात, अकोल्याला, मराठी साहित्य संमेलन भरले. अध्यक्षस्थानी होते हेच, पदवी न मिळालेले हरिभाऊ. पुढे ‘करमणूक’ बंद पडले त्याच सुमारास त्यांनी रवींद्रनाथ टागोरांची ‘गीतांजली’ मराठीत आणली. म्हणजे उतारवयातही समोर दुसऱ्याचे पुस्तक उघडे होते. ३ मार्च १९१९ रोजी, पंचावन्नाव्या वाढदिवसाला पाच दिवस असताना, पुण्यात त्यांचे निधन झाले.

आमच्या घरी कपाटावर चढवलेली ती कादंबरी आम्ही काल खाली काढून ठेवली आहे. गणिताचा पेपर झाला की ती मुलाच्या हाती द्यायची, असे ठरले आहे.