दोन बहिणी, एक बैठक : हिराबाई बडोदेकर

हिराबाई बडोदेकर हे नाव माझ्या वर्गातल्या बहुतेक मुलामुलींना ठाऊक नाही, आणि त्यात त्यांचा दोष नाही. हिराबाई २० नोव्हेंबर १९८९ रोजी पुण्यात गेल्या. तेव्हा आमच्यापैकी कोणाचा जन्मही झालेला नव्हता. पण आमच्या पौडपासून तीसएक किलोमीटरवर, पुण्यात, ज्यांचे घर होते आणि ज्यांच्यामुळे महाराष्ट्रातल्या मुलींना चारचौघांत बसून गाण्याची वाट मोकळी झाली, त्या बाईंची ओळख आपल्याला नसावी ही गोष्ट मला खटकते. म्हणून हा लेखनप्रपंच.

हिराबाईंच्या गायकीवर शास्त्रशुद्ध लिहिण्याचा माझा अधिकार नाही. मला त्यांच्या आयुष्यातली एक उशिराची गोष्ट विशेष वाटते. १९६५ च्या सुमारास, वयाची साठी गाठलेल्या हिराबाईंनी आपली धाकटी बहीण सरस्वतीबाई राणे यांच्याबरोबर जुगलबंदी गायला सुरुवात केली. दोन स्त्रियांनी एका बैठकीत मिळून ख्याल गावा, हे तेव्हा नवेच होते. श्रोत्यांनी ते उचलून धरले, एच. एम. व्ही. कंपनीने या जुगलबंदीच्या ध्वनिमुद्रिका काढल्या आणि हा जोडकार्यक्रम १९८० पर्यंत चालू राहिला. सगळे काही मिळवून झालेल्या गायिकेला या वयात दुसऱ्या आवाजाची सोबत का घ्यावीशी वाटली असेल? याचे उत्तर शोधता शोधता मला त्यांचे सबंध आयुष्य वाचावे लागले.

हिराबाईंचा जन्म १९०५ साली मिरजेचा. वडील किराणा घराण्याचे थोर गायक अब्दुल करीम खाँ, आई ताराबाई माने. खाँसाहेब बडोद्याच्या दरबारी असताना ताराबाई त्यांच्याकडे गाणे शिकल्या, आणि पुढे विरोधाला न जुमानता दोघांनी संसार मांडला. त्यांना पाच मुले झाली. हिराबाईंचे घरातले नाव चंपाकली, आणि १९१३ साली जन्मलेल्या सर्वांत धाकट्या सरस्वतीबाईंचे सकीना. १९२२ च्या सुमारास आईवडील वेगळे झाले. ताराबाई मुलांना घेऊन निघाल्या आणि मुलांची नावे बदलली. अब्दुल रहमानचे सुरेशबाबू माने झाले, चंपाकलीच्या हिराबाई झाल्या. एका घराची दोन घरे झाली, पण गाणे मात्र मुलांबरोबर आले. आज आपण किराणा घराण्याचा हा वारसा मोठ्या अभिमानाने सांगतो; त्या मुलांच्या वाट्याला त्याबरोबर पोटापाण्याची चिंताही आली होती, हे विसरून चालणार नाही.

हिराबाईंना मोठे बंधू सुरेशबाबूंकडून आणि अब्दुल वहीद खाँ यांच्याकडून तालीम मिळाली. या घराण्यात रागाची बढत अतिशय सावकाश होते. एकेका सुरावर थांबायचे, त्याच्या आजूबाजूचा सगळा प्रदेश पाहायचा आणि मगच पुढल्या सुराकडे जायचे. घाई करणाऱ्याला हे गाणे साधत नाही. हिराबाईंचा आवाज बारीक, गोड आणि कमालीचा सुरेल. त्यात कुठेही जोर केल्याची खूण नाही. पुढे सुरेशबाबूंच्या आणि हिराबाईंच्या हाताखालीच सरस्वतीबाई तयार झाल्या. म्हणजे ज्या बहिणीला त्यांनी पुढे शेजारी बसवले, तिला त्यांनीच शिकवले होते.

आता त्या काळाचा विचार करा. १९२० च्या दशकात स्त्रीने गाणे म्हणजे बहुधा एखाद्या धनिकाच्या दिवाणखान्यातली बैठक. तिथे कोणी यायचे आणि गाणारणीने काय गायचे, हे यजमान ठरवी. घरंदाज म्हणवणाऱ्या घरातली मुलगी कितीही गोड गळ्याची असली तरी तिचे गाणे माजघराबाहेर जात नसे. तिकीट लावून नाट्यगृहात जाहीर मैफल करणाऱ्या पहिल्या गायिकांमध्ये हिराबाई आहेत. तिकिटाने किती मोठा फरक पडला पाहा. पैसे देईल तो बसेल. कोणा एकाची मर्जी सांभाळायची नाही. आणि व्यासपीठावर बसलेली बाई अंगभर पदर घेतलेली, हातवारे नाहीत, लटके भाव नाहीत. ख्यालापासून नाट्यपदापर्यंत आणि भजनापर्यंत सगळे एकाच गांभीर्याने गाणारी. अशा मैफलीला माणसे आपल्या आईला, बायकोला, लेकीला घेऊन येऊ लागली. हिराबाईंनी यासाठी भाषणे केली नाहीत. त्या बसल्या आणि गायल्या.

रंगभूमीवरही त्यांनी हेच केले. तेव्हा संगीत नाटकांत स्त्रियांच्या भूमिका पुरुष करीत. बालगंधर्वांच्या सुभद्रेने महाराष्ट्राला वेड लावले होते. ताराबाईंच्या मुलांनी नूतन संगीत नाटक मंडळी काढली आणि तीत स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या. हिराबाई आणि त्यांच्या बहिणी तोंडाला रंग लावून उभ्या राहिल्या. मंडळी कर्जात बुडाली. ते कर्ज हिराबाईंनी गावोगाव मैफली करून फेडले. माझ्या मते त्यांच्या चरित्रातला हा फार मोठा भाग आहे, कारण इथे त्यांचे गाणे घराला हात देते. पुढे त्यांच्या ध्वनिमुद्रिका घरोघर पोचल्या, काही बोलपटांतही त्यांनी कामे केली. १५ ऑगस्ट १९४७ रोजी दिल्लीत वंदे मातरम् गाण्याचा मान त्यांना मिळाला. १९५३ साली भारतीय कलावंतांच्या शिष्टमंडळातून त्या चीनला गेल्या. त्याच वर्षी सुरेशबाबू वारले. वडील तर १९३७ सालीच गेले होते. १९६५ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि १९७० साली पद्मभूषण, असे मानसन्मान त्यांच्याकडे चालत आले.

म्हणजे जुगलबंदी सुरू झाली तेव्हा हिराबाईंना नाव मिळवायचे राहिले नव्हते. सरस्वतीबाईही काही नवख्या नव्हत्या. रामराज्य या १९४३ च्या चित्रपटातल्या त्यांच्या गाण्याने त्यांचा आवाज देशभर पोचला होता. तरी एका तंबोऱ्याच्या सुरात दोघींनी गाणे ही वेगळीच परीक्षा आहे.

आपल्याकडे मुळशीच्या खोऱ्यात हरिपाठ आणि भजन ऐकत आपण वाढलो. बुवा अभंगाचे चरण म्हणतात आणि मागचे टाळकरी ध्रुवपद धरतात. पोवाड्यात शाहिराच्या मागे झीलकरी असतात. या दोन्हींत पुढचा कोण आणि मागचा कोण हे ठरलेले असते. जुगलबंदीत तसे नाही. एकीने सुरू केलेली कल्पना दुसरीने तिथूनच उचलायची, थोडी पुढे न्यायची, आणि पुन्हा पहिलीच्या हाती द्यायची. समेवर दोघींनी एकत्र यायचे. आपली तान कितीही रंगात आली तरी वेळेवर थांबायचे, आणि शेजारचीने छान जागा घेतली तर तीच पुन्हा घेऊन तिच्यावर मात करण्याचा मोह टाळायचा. जुगलबंदी या शब्दाने अनेकांच्या डोळ्यांपुढे सामना उभा राहतो. या बहिणींचे गाणे ऐकताना मला कुठेच सामना ऐकू आला नाही. पहिल्यांदा ऐकताना तर कोणती ओळ कोणाची हेही मला नीट कळेना. सवयीने मग दोन आवाज वेगळे ओळखू येऊ लागले.

याला तंत्राचीही साथ मिळाली. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावत. लाँग प्ले आली आणि एका बाजूवर वीसएक मिनिटे मिळू लागली. दोघींनी आळीपाळीने राग उलगडायचा तर एवढा अवकाश हवाच. आज ही ध्वनिमुद्रणे मोबाईलवरही ऐकायला मिळतात.

मुरलेल्या कलावंताने उतारवयात दुसऱ्याबरोबर गाण्याचा प्रकार जगात इतरत्रही दिसतो. अमेरिकेतल्या काळ्या कष्टकऱ्यांच्या सुखदुःखातून ब्लूज नावाचे गाणे जन्मले. त्यातला जॉन ली हूकर हा सत्तरी ओलांडलेला गायक. हिराबाई गेल्या त्याच १९८९ साली त्याची द हीलर ही ध्वनिमुद्रिका निघाली. तीत कार्लोस सँटाना, बॉनी रेट असे त्याच्याहून तरुण कलावंत पाहुणे म्हणून आले. बॉनी रेटबरोबरच्या गाण्याला ग्रॅमी पुरस्कार मिळाला आणि म्हाताऱ्या हूकरला नव्या पिढीचे श्रोते लाभले. १९९३ साली बी. बी. किंगनेही ब्लूज समिट नावाने अशीच ध्वनिमुद्रिका केली. तिथे पाहुणे बाहेरून आले आणि सोबत आपला श्रोतृवर्ग घेऊन आले. हिराबाईंची जोडीदारीण घरातलीच होती. दोघींची तालीम एक, घराणे एक, घरावर आलेले प्रसंगही एकच. फुटलेल्या घरातली भावंडे ज्या सुराने एकत्र राहिली, तो सूर त्या दोघी मिळून गात होत्या.

आणि म्हणूनच मला वाटते, की या जोडगायनात हिराबाईंनी नवे असे काही केले नाही. आयुष्यभर केले तेच केले. स्त्रीला बसायला जागा नव्हती तेव्हा त्यांनी ती मिळवली. मिळालेली जागा एकट्यासाठी अडवून धरली नाही. बहिणीला शेजारी घेतले, शिष्यांना शिकवले. २०२४ साली ज्यांचे निधन झाले त्या डॉ. प्रभा अत्रे सुरेशबाबूंच्या आणि हिराबाईंच्याच शिष्या.

हे सारे मी का लिहिते आहे? आमच्या भागात आजही मुलीचा आवाज चांगला असला तर हरिपाठात तिचे कौतुक होते. पण तिने गाणे शिकायचे म्हटले, स्पर्धेला परगावी जायचे म्हटले, की घरात कपाळावर आठी पडते. लग्न ठरले की पेटी माळ्यावर जाते. माझ्या ओळखीच्या दोघींचे असेच झाले आहे, आणि दोघींचाही आवाज माझ्यापेक्षा सरस होता. हिराबाईंच्या काळापेक्षा आज वाट सोपी आहे हे खरे; पण वाट असून तिच्यावरून कोणी गेलेच नाही तर गवत वाढते.

माझी मैत्रिणींना एक साधी विनंती आहे. येत्या स्नेहसंमेलनात एकटीला माईकसमोर बसायला संकोच वाटत असेल, तर दोघींनी बसावे. अभंग निवडावा, एक ओळ एकीने घ्यावी, पुढची दुसरीने, आणि समेवर एकत्र यावे. तालमीआधी त्या दोन बहिणींची एक ध्वनिमुद्रिका शांतपणे ऐकून घ्यावी, म्हणजे दुसरीसाठी कुठे थांबायचे ते कळेल.