बूट दुरुस्त करता करता गॅरी गायगॅक्सनं ड्रॅगनच्या खेळाचे नियम लिहिले

स्ट्रेंजर थिंग्ज बघितली असेल तर पहिल्याच एपिसोडमधला तळघरातला सीन आठवत असेल. चार पोरं टेबलाभोवती बसलीत, एक जण गोष्ट सांगतोय, बाकीचे घाबरलेत आणि सगळ्यांचं नशीब एका फाशावर अडकलंय. तो खेळ म्हणजे डन्जन्स अँड ड्रॅगन्स. गडी लोक त्याला डी अँड डी म्हणतात. या खेळाचं नाव निघालं की पहिलं नाव येतं ते गॅरी गायगॅक्सचं.

गायगॅक्सचा जन्म 27 जुलै 1938 ला शिकागोत झाला. वडील स्वित्झर्लंडहून आलेले, व्हायोलिन वाजवणारे. गॅरी आठ वर्षांचा असताना कुटुंब विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा या छोट्या गावात आलं. शाळेत काय त्याचं मन रमलं नाही, हायस्कूल अर्ध्यातच सोडलं. पुढं शिकागोतल्या एका विमा कंपनीत तो अंडररायटर झाला. म्हणजे कुणाला पॉलिसी द्यायची आणि त्यात जोखीम किती, हे आकड्यांवरून ठरवणारा माणूस. डोक्यात मात्र कायम लढाया.

त्या काळी अमेरिकेत वॉरगेमिंगचं वेड होतं. टेबलावर छोटे सैनिक मांडायचे, पट्टीनं अंतर मोजायचं, फासे टाकायचे आणि जुन्या लढाया पुन्हा लढायच्या. 1968 मध्ये गायगॅक्सनं गावातला हॉल 50 डॉलरनं भाड्यानं घेतला आणि अशा खेळाडूंचं संमेलन भरवलं. तेच आजचं जेन कॉन. पुढच्या वर्षी तिथं त्याची ओळख मिनेसोटाच्या डेव्ह आर्नेसनशी झाली. हे नाव लक्षात ठेवा.

1970 मध्ये गायगॅक्सची नोकरी गेली. घरात बायको, पोरंबाळं. मग तो तळघरात बसून बुटांची दुरुस्ती करायला लागला आणि उरलेल्या वेळात नियम लिहायला लागला.

त्याच्या ओळखीच्या जेफ पेरेननं मध्ययुगीन लढायांसाठी जेमतेम चार पानांचे नियम केले होते. गायगॅक्सनं ते वाढवले आणि 1971 मध्ये दोघांच्या नावानं चेनमेल हे पुस्तक आलं. त्याच्या शेवटी चौदाएक पानांची एक पुरवणी होती, तिच्यात जादूगार, ड्रॅगन आणि राक्षस होते. खरी गंमत या पुरवणीत आहे.

जादूसाठी गायगॅक्सनं वेगळं गणित मांडलंच नाही. जादूगारानं आगीचा गोळा फेकला तर तो किती जागेतले सैनिक मारणार? मोठ्या गोफणयंत्राचा धोंडा जेवढ्या जागेत मारतो तेवढेच. वीज पाडली तर? तोफेच्या गोळ्याएवढी. हिरो किती ताकदीचा? चार साध्या सैनिकांएवढा. सुपरहिरो? आठ. नियम जुनेच, फक्त त्यांच्यावर नवा झगा चढवला. त्यामुळं ज्याला लढाईचा खेळ येत होता, त्याला जादूचा खेळ शिकायला संध्याकाळसुद्धा लागली नाही.

पण चेनमेलमध्ये सैन्य सैन्याशी लढायचं. खेळाडू सेनापतीच राहायचा.

इथं आर्नेसन येतो. त्यानं ब्लॅकमूर नावाचं एक काल्पनिक राज्य रचलं आणि प्रत्येक खेळाडूला फक्त एकच माणूस दिला. त्या माणसाला घेऊन किल्ल्याखालच्या भुयारात शिरायचं, राक्षसांना भिडायचं, खजिना आणायचा. सुरुवातीला नियम चेनमेलचे वापरले, पण लगेच अडचण आली. सैनिकांच्या खेळात एक घाव बसला की सैनिक मेला, विषय संपला. स्वतःचा म्हणून जपलेला माणूस असा एका फाशात गेला तर कुणाला आवडेल? मग आर्नेसननं जहाजांच्या लढाईच्या खेळातली युक्ती उचलली. बोट एका गोळ्यात बुडत नाही, तसा माणूसही थोडे घाव सोसेल. आज मोबाईल गेममध्ये डोक्यावर जी लाइफची पट्टी दिसते, तिची मुळं या हिट पॉइंटमध्ये आहेत. शिवाय माणूस वाचला तर अनुभव मिळणार आणि पुढच्या वेळी तो जास्त ताकदवान होणार.

1972 च्या अखेरीस आर्नेसननं लेक जिनिव्हाला येऊन हा खेळ खेळून दाखवला. गायगॅक्स खुळाच झाला. आर्नेसनकडं वीसेक पानांची विस्कळीत टिपणं होती. गायगॅक्सनं त्यावरून आधी 50 पानं टाइप केली, मग दीडशे. घरच्या पोरांना बसवून खेळ तपासला. चार, आठ, बारा आणि वीस बाजूंचे फासे शाळेचं साहित्य विकणाऱ्यांच्या कॅटलॉगमधून मागवले.

प्रकाशक मिळाला नाही. शेवटी 1973 मध्ये त्यानं आणि बालमित्र डॉन केनं प्रत्येकी हजार डॉलर घालून टीएसआर ही कंपनी काढली. जानेवारी 1974 मध्ये हजार पेट्या आल्या. एका पेटीत तीन पुस्तिका, किंमत 10 डॉलर. घरात बसून पेट्या भरल्या. वर्षभरात सगळ्या खपल्या.

पैसा आला आणि मैत्री तुटली. 1977 पासून ॲडव्हान्स्ड डी अँड डी निघालं, त्यावर लेखक म्हणून फक्त गायगॅक्सचं नाव. कंपनीचं म्हणणं, हा खेळच वेगळा, त्यामुळं आर्नेसनला रॉयल्टी लागू नाही. पेरेनचे नियम वाढवून नाव कमावलेल्या माणसाच्या कंपनीनं असं म्हणावं, हे जरा अतीच होतं. आर्नेसन 1979 मध्ये कोर्टात गेला, 1981 मध्ये तडजोड झाली.

मग गायगॅक्सची पाळी आली. तो हॉलिवूडमध्ये कार्टून मालिकेच्या कामात असताना कंपनी कर्जात बुडाली. परत येऊन सावरायला त्यानं लॉरेन विल्यम्स यांना आणलं. ऑक्टोबर 1985 मध्ये त्यांनीच भागीदारांचे शेअर घेऊन ताबा मिळवला. गायगॅक्स कोर्टात हरला आणि पुढच्या वर्षी बाहेर पडला. 1992 मध्ये त्यानं डेंजरस जर्नीज हा नवा खेळ आणला, तर टीएसआरनं खटला भरला. आपल्या डी अँड डीची नक्कल केली, असा आरोप. तोही खटला तडजोडीत मिटला. टीएसआरनं त्या खेळाचे हक्क विकत घेतले आणि तो कपाटात ठेवून दिला.

1997 मध्ये टीएसआरच विझार्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीनं विकत घेतली. गायगॅक्स 4 मार्च 2008 रोजी लेक जिनिव्हातच गेला, वय 69. वर्षभरानं, एप्रिल 2009 मध्ये, आर्नेसनही गेला. 2014 ला खेळाची पाचवी आवृत्ती निघाली. तिच्या श्रेयनामावलीत मूळ खेळाचे निर्माते म्हणून दोघांचीही नावं आहेत.