लक्ष्मीबाई टिळक : घरच्या माणसाच्या पाचारणाला दिलेली साथ

आमच्या डमडमच्या साप्ताहिक बैठकीत गेल्या महिन्यात एक काकू बोलता बोलता रडू लागल्या. त्यांची मुलगी शिक्षण झाल्यावर सिस्टर होण्यासाठी मठात जायचे म्हणते आहे. नातेवाइकांपैकी निम्मे म्हणतात, तिला अडवा. निम्मे म्हणतात, देवाचे बोलावणे आहे, हसत पाठवा. काकूंना दोन्ही जमत नव्हते. तेव्हा आम्हा कुणालाच काही सुचले नाही. परत येताना मात्र मला लक्ष्मीबाई टिळक आठवल्या. इथल्या बंगाली मित्रमैत्रिणींना त्या ठाऊक नाहीत, आणि आपल्यापैकी पुष्कळांनाही शाळेच्या पुस्तकातला एखादा धडाच तेवढा आठवत असेल. म्हणून त्यांचे जीवन येथे थोडक्यात सांगते.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ साली नाशिकजवळच्या जलालपूर येथे गोखले कुटुंबात झाला. माहेरचे नाव मनकर्णिका, घरात सगळे मनू म्हणत. १८५७ च्या बंडानंतर मनूच्या आजोबांना, म्हणजे आईच्या वडिलांना, फाशी झाली होती. त्या धक्क्यातून तिचे वडील कधीच सावरले नाहीत. त्यांचे सारे लक्ष सोवळ्याओवळ्यावर जाऊन बसले. बाहेरून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात यायची नाही, कुणाचा स्पर्श झाला की पुन्हा आंघोळ. मुलांनी मनमोकळे खेळावे असे ते घरच नव्हते. विटाळाची ही भीती मनूच्या अंगात किती खोल मुरली असेल, हे लक्षात ठेवले तरच पुढची हकिकत नीट समजते.

अकराव्या वर्षी तिचे लग्न नारायण वामन टिळक यांच्याशी झाले आणि ती लक्ष्मी झाली. टिळक कोकणातल्या करजगावचे. संस्कृतचे जाणकार, कवी, वक्ते, आणि स्वभावाने अतिशय अस्थिर. मनात आले की नोकरी सोडायची, न सांगता गावाला निघून जायचे, हातातले पैसे समोरच्या गरजूला देऊन मोकळे व्हायचे. राग येई तोही तसाच, वादळासारखा, आणि तितक्याच लवकर ओसरे. लक्ष्मीबाईंना थोडेफार लिहावाचायला त्यांनीच शिकवले. पहिली काही मुले गेली. १८९१ साली झालेला दत्तू मात्र जगला.

१८९३ मध्ये टिळक नागपूरहून राजनांदगावला आगगाडीने चालले होते. डब्यात एक युरोपीय प्रवासी भेटला. धर्मावर गप्पा झाल्या. त्याने टिळकांना नव्या कराराची प्रत दिली आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. टिळक ते पुस्तक वाचू लागले, आणि येशूच्या डोंगरावरील प्रवचनाशी आल्यावर त्यांना ते खाली ठेववेना. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

लक्ष्मीबाईंना ही बातमी माहेरच्या माणसांत असताना कळली. त्या काळी ब्राह्मण घरातला माणूस ख्रिस्ती होणे म्हणजे जिवंतपणी त्याचे सुतक पाळण्यासारखे. नवरा जिवंत आहे, पण त्याच्या हातचे पाणी चालत नाही. कपाळी कुंकू आहे, पण संसार नाही. त्या दुःखाने वेड्यापिशा झाल्या. पुढची काही वर्षे त्यांनी बहिणीच्या कुटुंबाच्या आधाराने काढली, त्यांतला काही काळ पंढरपुरात. टिळक पत्रे लिहीत, भेटायला येत. जवळचे लोक सावध असत, कारण बाप मुलाला घेऊन जाईल अशी भीती होती. याच दिवसांत लक्ष्मीबाई मनातले दुःख पद्यात उतरवू लागल्या.

लक्ष्मीबाईंचा गौरव करताना आपण हा काळ घाईने ओलांडतो. शेवट गोड झाला ना, मग मधले रडणे कशाला सांगायचे, असे आपल्याला वाटते. मला मात्र डमडमच्या त्या काकूंसाठी हाच भाग सगळ्यांत महत्त्वाचा वाटला. लक्ष्मीबाईंनी पहिल्या दिवसापासून साथ दिली नाही. त्या रडल्या, रागावल्या, दूर राहिल्या. टिळकांची निवड त्यांना चुकीची वाटत होती आणि त्यांनी ती बरोबर वाटत असल्याचे सोंग कधी केले नाही. तरीही त्यांनी त्यांच्याशी असलेले नाते तोडून टाकले नाही. टिळकांनीही त्यांच्यावर धर्म लादला नाही.

पुढे त्या अहमदनगरला त्यांच्याकडे गेल्या, पण आपले सोवळे बरोबर घेऊनच. चूल वेगळी, पाणी वेगळे. एका घरातला नवरा प्रार्थना करतो आहे आणि बायको आपल्या स्वयंपाकाला कुणाचा हात लागू नये म्हणून जपते आहे, असा हा संसार होता. शेजारपाजारच्या ख्रिस्ती बायका दारात आल्या तरी लक्ष्मीबाईंचा जीव कासावीस होई. टिळक वाद घालत, थट्टाही करत, पण थांबायला तयार होते.

बदल झाला तो कुणाच्या उपदेशाने झाला नाही. राहुरीला जाताना वाटेत त्या एकट्याच विचार करत होत्या. जाती देवाने केल्या की माणसांनी? देवाने केल्या असत्या तर पशुपक्ष्यांमध्ये दिसतो तसा देहाचा काही फरक माणसामाणसांत दिसला असता. तसा तो दिसत नाही. म्हणजे हे सारे माणसांचे काम. एवढा हिशेब मनाशी जुळला आणि त्यांनी ठरवले की आता कुणाच्याही हातचे खायचे-प्यायचे. लहानपणापासून हाडामांसात भिनलेली भीती त्यांनी अशी स्वतःच्या डोक्याने सोडवली. येशूवरचा विश्वास त्यानंतर आला. १९०० साली त्यांनी आणि दत्तूने बाप्तिस्मा घेतला.

येथून पुढे खरी परीक्षा होती, असे मला वाटते. एकदा विश्वास एक झाला की साथ देणे सोपे होते असे नाही. ते दुष्काळाचे दिवस होते आणि टिळक अनाथ मुले घरी आणत. आणणारे ते, पण त्यांना न्हाऊमाखू घालणाऱ्या आणि जेवायला वाढणाऱ्या लक्ष्मीबाई. ज्या बाईला परक्या माणसाची सावली नकोशी होती, तिच्या स्वयंपाकघरात आता कुठल्याही जातीची मुले बसत होती. पाहुणे न सांगता येत आणि महिनोन् महिने राहत. त्र्यंबक बापूजी ठोंबरे म्हणजे आपले बालकवी हेही टिळकांच्या घरी राहिले, आणि लक्ष्मीबाईंनी त्यांच्यावर मुलासारखी माया केली. १९१८ मध्ये रेल्वेखाली सापडून बालकवी गेले, तेव्हा त्या घरातले एक मूलच गेले.

आणि पैसा! मी कॉमर्स शिकते, त्यामुळे असेल, पण त्यांच्या घरचा जमाखर्च वाचताना मला धडकी भरते. जमेची बाजू ठरलेली, खर्चाला मात्र धरबंधच नाही, कारण टिळकांच्या खिशातला रुपया वाटेतल्या पहिल्या गरजूचा. त्यात १९१७ साली त्यांनी मिशनचा पगारच सोडला. कोणत्याही संस्थेच्या आधाराशिवाय, भारतीय माणसाला आपलासा वाटेल अशा रीतीने ख्रिस्ताची भक्ती करावी, बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघांनीही एकत्र यावे, म्हणून साताऱ्यात त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला. संन्यासी वृत्तीच्या माणसाला हे शोभते. पण त्याच्या घरी पीठ-मीठ आणायचे कुणी? लक्ष्मीबाई कुरकुरत, भांडत, टिळकांच्या विसराळूपणावर खो खो हसत, आणि कसेबसे निभावून नेत. त्यांच्या साथीत भांडण होते, हे मला फार दिलासा देणारे वाटते. आपल्याकडे सहधर्मचारिणी म्हटले की मान खाली घालून मागे चालणारी बाई डोळ्यांसमोर येते. या बाई तशा नव्हत्या.

९ मे १९१९ रोजी टिळकांचे मुंबईत निधन झाले. लक्ष्मीबाईंचे वय तेव्हा पन्नास. टिळकांनी मागे ठेवण्यासारखे धन ठेवलेच नव्हते. शाळेची पायरी न चढलेल्या या बाईंनी मुंबईत मुलींच्या वसतिगृहात मेट्रनचे काम केले. नंतर मुलाबरोबर त्या कराचीला जाऊन राहिल्या. मुलगा देवदत्त याच्या आग्रहाने त्यांनी आठवणी लिहायला घेतल्या. त्या ‘संजीवनी’ मासिकात येऊ लागल्या आणि १९३४ पासून ‘स्मृतिचित्रे’ या नावाने पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाल्या. बोलल्यासारखे साधे मराठी, स्वतःवरही हसणारे. नवऱ्याला त्यांनी देव्हाऱ्यात बसवले नाही. त्यांचा राग, हट्ट, वेंधळेपणा सगळे लिहिले, आणि तरी पुस्तक मिटताना वाचकाला टिळक आवडतात. १९५० मध्ये जोसेफिन इंक्स्टर यांनी त्याचे इंग्रजी भाषांतर केले. थोडीफार भाषांतरे मीही करते, म्हणून सांगते, लक्ष्मीबाईंचे एक वाक्य दुसऱ्या भाषेत नेणे अवघड काम आहे.

टिळकांचे एक काम अर्धवट राहिले होते. येशूचे चरित्र ओव्यांत सांगणारे ‘ख्रिस्तायन’ त्यांनी लिहायला घेतले होते, पण पहिले काही अध्यायच त्यांच्या हातून झाले. उरलेले जवळजवळ सगळे अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. ज्या येशूमुळे एकेकाळी आपला संसार मोडला असे त्यांना वाटले होते, त्याची कथा त्या म्हातारपणी ओवीमागून ओवी रचत बसल्या. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्या गेल्या. शेवटचा भाग देवदत्तांनी पुरा केला, आणि १९३८ साली तिघांच्या हातचा तो ग्रंथ छापून निघाला.